देवघरावरचा पांढरा कागद

दुबईतल्या करामा भागात मी हल्ली जाते ती फक्त भाजणी आणायला. जुमेरा लेक टॉवर्समध्ये आमच्या घराखालच्या दुकानात नाना देशांच्या चिजा मिळतात, पण थालीपिठाची भाजणी मिळत नाही, आणि घरी भाजून दळण्याइतकी मी गुणी नाही. परवा अशीच मेट्रोने गेले, पुडा घेतला आणि पाय सवयीने मागच्या गल्लीत वळले. आमच्या जुन्या इमारतीभोवती लोखंडी परांची उभी होती. खिडक्या चौकटींसकट काढून टाकल्या होत्या. ज्या खिडक्या आमच्या तिथल्या मुक्कामात कधी उघडल्या म्हणून नाहीत, त्यांतून वारा आरपार जात होता. मला त्या वाऱ्याचा रागच आला. तेव्हा कुठे होता हा?

खाली उभं राहिलं की दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्यांची छतं दिसत होती. एक आमचं, एक समोरच्या हारुकोकाकूंचं. मी मान वर करकरून त्यांच्या छतावर एक कागद शोधत होते, तळहाताएवढा, एकच जपानी अक्षर लिहिलेला. वरून एक कामगार ओरडला, "मॅडम, हटिए, कुछ गिर जाएगा." मी थोडी हटले आणि पुन्हा बघत राहिले. एवढ्या वर्षांत तिथे किती भाडेकरू येऊन गेले असतील आणि किती वेळा रंग बसला असेल. तिथे कागद कुठून असणार?

त्या घरातले उन्हाळे मला वासांनी आठवतात. एसीच्या जाळीतून येणारा ओलसर धुळीचा वास, वरच्या मल्याळी घरातलं खोबरेल, आमची हिंगाची फोडणी, जिन्यात कुणीतरी जाळलेल्या उदाचा धूर. सगळे वास एकदा आत आले की आतच राहायचे, कारण धूळ येते म्हणून खिडक्यांच्या फटींना बाबांनी तपकिरी चिकटपट्टी लावलेली. मे महिना लागला की शाळेची बस सोडली तर बाहेरचं जग बंद. दुपारी मशिदीतून बांग यायची आणि मग सगळी इमारत चिडीचूप. फ्रिजची घरघर थांबली की मला दचकायला व्हायचं.

या बंद घरात माझी आई दिवस काढत होती. ती मूळची मिरजेची. तिथे आजोबांचं सायकलींचं दुकान होतं आणि आई पोळ्या लाटायला शिकण्याआधी पंक्चर काढायला शिकली, असं आजोबा कौतुकाने सांगायचे. कॉलेजला ती मिरजेहून सांगलीला सायकलने जायची. करामात बाबांनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "एकटी कुठे जाऊ नकोस, शैला, आपल्याला इथलं काही माहीत नाही." ती तेव्हाची काळजी होती. पुढे बाबांना सगळं माहीत झालं, पण सांगणं तसंच राहिलं. आई खाली किराण्याच्या दुकानापर्यंत जायची आणि वर यायची. दुपारी मला जवळ घेऊन मिरज सांगायची: रबराच्या सोल्युशनचा वास, पाण्याच्या घमेल्यात बुडवलेली ट्यूब, तिच्यातून निघणारे बुडबुडे आणि आजोबांचं "सापडलं गं" म्हणणं. मला ते बुडबुडे इतके पाठ होते की आपणच ते पाहिले असं वाटायचं.

बाबा एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होते. नोकरीला लागताना सगळ्यांनी पासपोर्ट कंपनीकडे जमा करायचे हा तिथला शिरस्ता, बायकामुलांचेसुद्धा. मला तर वेगळा पासपोर्टच नव्हता. तेव्हा लहान मुलांची नावं आईच्या पासपोर्टात लिहीत. शाळेत मुली आपापल्या शिक्क्यांच्या बढाया मारायच्या, तेव्हा मी घरी येऊन विचारलं होतं, "व्हेअर इज माइन?" आई म्हणाली, "माझ्यात." आणि तुझा, मी विचारलं. "कंपनीत." लोणच्याची बरणी माळ्यावर आहे म्हणावं तशा सुरात तिने ते सांगितलं. दोन वर्षांनी एकदा रजा मिळायची, तेव्हा पासपोर्ट हाती येत. महिनाभर मिरज-पुणं करून परत आलो की बाबा दुसऱ्याच दिवशी ते नेऊन देत.

समोरच्या फ्लॅटमध्ये हारुकोकाकू आल्या तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. त्यांचे यजमान मोटारींच्या सुट्या भागांच्या व्यापारात, त्यामुळे बरेच दिवस शारजा नाहीतर मस्कतला. करामात जपानी माणूस म्हणजे अप्रूप. आल्या आल्या काकूंनी दाराच्या चौकटीवर पेंढ्याचा जाड पिळदार दोर बांधला. त्याला नागमोडी कापलेल्या पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या लोंबत होत्या. आमच्या दाराला प्लास्टिकच्या आंब्याच्या पानांचं तोरण होतंच. मधे हातभर जिना आणि दोन्हीकडे नटलेली दारं. त्यांचं नवं वर्ष संपलं तरी दोर तसाच राहिला, तेव्हा इमारतीतल्या लोकांना वाटलं, बाई काढायला विसरल्या. शेवटी आईनेच विचारलं. काकू हसायला लागल्या. त्यांचं गाव इसे. जपानातलं सगळ्यांत मोठं देऊळ तिथलं आणि त्या गावात दोर वर्षभर दारावर असतो, म्हणाल्या.

मग त्यांनी दोराची गोष्ट सांगितली. त्यांची भाषा म्हणजे थोडं इंग्रजी, थोडं दुकानदारांकडून उचललेलं हिंदी आणि बाकी हात. आईचंही तसंच, फक्त हिंदी जास्त. त्यांच्याकडे सूर्य ही देवी. ती एकदा रुसून गुहेत जाऊन बसली आणि शिळा लावून घेतली. सगळीकडे काळोख. मग झाडून सगळे देव गुहेपाशी जमले, नाचले, मोठमोठ्याने हसले आणि दारासमोर एक आरसा टांगला. एवढं हसतायत तरी कशाला, म्हणून देवीने फटीतून डोकावलं, तिला आरशात उजेड दिसला आणि ती आणखी पुढे आली. एका देवाने हात धरून तिला बाहेर ओढलं आणि दुसऱ्याने चटकन गुहेच्या तोंडाशी दोर बांधला. "रोप मीन्स," काकू म्हणाल्या, "नो गोइंग बॅक इनसाइड."

"सूर्य बाई आहे होय," आई म्हणाली. "तरीच एवढी तापते." पण नंतर कणीक मळता मळता तिने मला विचारलं, "तिला बाहेर काढायला सगळे देव आले होते ना गं?" मी हो म्हटलं.

काकूंचं देवघर हा माझा दुपारचा आवडता उद्योग होता. भिंतीवर उंच, हात वर केला तरी मला पोचणार नाही अशा फळीवर लाकडाचं इवलंसं देऊळ. पॉलिश नाही, रंग नाही, नुसतं कोरं लाकूड आणि त्याचा कापरासारखा मंद वास. पुढे पांढऱ्या वाट्यांत तांदूळ, मीठ, पाणी आणि दोन्ही बाजूंना हिरव्या डहाळ्या. तिकडचं ते झाड इथे मिळेना, म्हणून काकू सकाळी नगरपालिकेच्या कुंपणाच्या डहाळ्या गुपचूप तोडून आणत. एका बुटक्या पांढऱ्या बाटलीत काय आहे हे आईला कळलं तेव्हा मात्र तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. तांदळाची दारू! देवाला! चार दिवस ती समोर फिरकली नाही. मग स्वतःच म्हणाली, "त्यांच्या देवाला चालते तर आपल्याला काय करायचंय," आणि साबुदाण्याची खिचडी घेऊन गेली.

फळीच्या वर छतावर तो कागद. त्यावर 'ढग' असं लिहिलं होतं. वरच्या मजल्यावर माणसं राहातात, चालतात, देवाच्या डोक्यावर पाय पडतो. म्हणून छताला ढग लिहून चिकटवायचा, म्हणजे देवाच्या वर फक्त आभाळ आहे असं होतं. वर मल्याळी काकूंचा मिक्सर गरगरत असायचा आणि खाली हारुकोकाकू दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून, पुन्हा एकदा वाकून नमस्कार करायच्या. आमच्या घरी त्याच वेळेला आईची घंटा. जिन्यात उभं राहिलं की दोन्ही ऐकू यायचं. अख्ख्या करामात ढग होता तो तेवढाच, आणि तो बघायला मी शेजारच्या मुलींनाही घेऊन जायची.

त्या लाकडी देवळाची दारं नेहमी बंद असत. आत काय, हे मला छळायचं. आत इसेच्या देवळातून आणलेला कागद आहे, त्यावर देवीचं नाव आहे, काकू सांगत. उघडून दाखवा म्हटलं तर हसून मान हलवत. इसेच्या मोठ्या देवळात म्हणे तो गुहेपुढचा आरसा आहे, पण रेशमी वस्त्रांत, पेटीत, पेटीच्या आत पेटीत. आत्सुता नावाच्या दुसऱ्या देवळात तलवार आहे, राजवाड्यात एक रत्न आहे. तिन्ही कुणी पाहिलेली नाहीत. राजासुद्धा उघडून बघत नाही. मग आहेत हे कशावरून, असं मी विचारलं. काकूंना प्रश्नच कळला नाही. त्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "असतात गं अशा वस्तू. आपल्या असतात आणि आपल्याला दिसत नाहीत." मला वाटलं ती देवांबद्दल बोलतेय.

त्र्याण्णव सालचा उन्हाळा काकूंना फार जड गेला. इसेचं देऊळ दर वीस वर्षांनी नवं बांधतात. शेजारी शेजारी दोन जागा. एकीवर देऊळ उभं असतं, दुसरी मोकळी. वीस वर्षं झाली की मोकळ्या जागेवर अगदी तसंच दुसरं उभं राहातं आणि देवी तिकडे राहायला जाते. देवीची वस्त्रं, तलवारी, पेट्या, सूत कातायची साधनं, सगळं नव्याने, त्याच मापाने घडवायचं. जुनं लाकूड दुसऱ्या देवळांना द्यायचं. नव्या देवळात देवी यायच्या आधीच्या उन्हाळ्यात गावातल्या माणसांचा मान असतो. नदीतले पांढरे दगड गाड्यांवर रचून गाव ते ओढत नेतं, आणि मग प्रत्येकाने एक एक दगड पांढऱ्या कापडात घेऊन थेट आतल्या अंगणात नेऊन ठेवायचा. तिथे एरवी सामान्य माणसाला पाऊल टाकता येत नाही. आदल्या खेपेला काकू शाळकरी होत्या. वडिलांच्या पाठोपाठ त्या गेल्या होत्या आणि अनवधानाने दगडाऐवजी वडिलांच्या टाचांकडेच बघत राहिल्या, असं त्या सांगत.

यंदा जायचं ठरलेलं होतं. मग नाही जमलं. यजमानांचं काहीतरी अडलं. पुढच्या खेपेला आपण किती म्हाताऱ्या असू, हे त्यांनी आईला बोटांवर मोजून दाखवलं. वडिलांनी मिरवणुकीची कॅसेट पाठवली. चिकटपट्टी लावलेल्या खिडकीशी काकू चटईवर बसून ती लावत. "एन्या, एन्या" असा हजारो माणसांचा घोष, चाकांचा करकराट, मधेच एक पोर रडतंय. काकू मांडीवर हात ठेवून किंचित पुढेमागे डुलत. आई शेजारी बसून पालक निवडायची. टेप संपला की आई उठून उलट बाजू लावायची, न विचारता.

काकूंच्या वाटचा दगडही वडिलांनीच नेला. आणि त्याच हिवाळ्यात ते गेले. काकू सकाळीच आमच्या दारात उभ्या राहिल्या. हातात कोरा पांढरा कागद आणि चिकटपट्टी. रडून झालेलं दिसत होतं. त्यांनी आईला हाताने खुणावून नेलं, स्टूल दाखवलं, देवघर दाखवलं. "शैला-सान, यू पेस्ट. आय कॅन नॉट. माय फादर."

आईला जास्त सांगावं लागलं नाही. सुतक. सुतकात देवाला हात लावायचा नाही, आपल्याकडेही पूजा शेजारच्याला सांगतात. त्यांच्याकडे देवघरावर पांढरा कागद लावून ते बंद करायचं आणि तो घरच्या माणसाने लावायचा नाही, परक्याने लावायचा. आईने पदर खोचला, स्टुलावर चढली आणि त्या बंद दारांवरून कागद लावला. किती दिवस, तिने विचारलं. पन्नास. आई स्टुलावरच थांबली. "लग्न झालेल्या मुलीला पन्नास दिवस?"

"माय फादर," काकू पुन्हा म्हणाल्या. आईला ते कितपत पटलं कुणास ठाऊक. रात्री जेवताना तिने बाबांना सांगितलं, त्यांच्यात लेकीलासुद्धा पन्नास दिवस असतात म्हणे. बाबा म्हणाले, रिकामा वेळ आहे त्यांना. ते दिवस काकूंच्या टाळ्या बंद होत्या. जिन्यात फक्त आमची घंटा वाजायची.

पुढच्या उन्हाळ्यात मिरजेहून मामाचा फोन आला. आजोबांची डावी बाजू गेली होती. बोलतायत, पण तुझंच नाव घेतायत, लवकर ये. आईने त्याच दुपारी बॅग काढली. बदाम, टॉर्च, वेदनेचा बाम, आजोबांना आवडते ती संत्र्याच्या सरबताची पावडर. बॅग भरून पॅसेजमध्ये ठेवली. संध्याकाळी बाबा आल्यावर ती एवढंच म्हणाली, "अहो, पासपोर्ट."

"उद्याच बोलतो मुदीरशी," बाबा म्हणाले. मुदीर म्हणजे त्यांचा मॅनेजर.

दुसऱ्या दिवशी मुदीर साइटवर होता. मग गुरुवार आला, अर्धा दिवस. शुक्रवार सुट्टीचा. शनिवारी तो अबुधाबीला गेला होता. मग किल्ली दुसऱ्याकडे होती, तो रजेवर. बाबा रोज दारातून आत येताना आईकडे न बघता चपला काढायचे आणि सांगायचे, "उद्या. इन्शाल्ला, उद्या नक्की." आई पॅसेजमधली बॅग ओलांडून स्वयंपाकघरात जायची. मामाचे फोन येत राहिले. एकदा त्याने आजोबांच्या कानाशी फोन धरला. आई नुसती "बाबा, येते हं, येते" म्हणत राहिली आणि पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. त्या दिवसांत एसी चालू असायचा, तरी आईच्या कपाळावर घाम असायचा. ती मधेच बॅग उघडायची, बदामांची पिशवी काढून पुन्हा आत ठेवायची.

आजोबा गेल्याचा फोन भर दुपारी आला. आईने तो शांतपणे घेतला, ठेवला आणि अंघोळीला गेली. आत पाणी कितीतरी वेळ चालू होतं.

पुण्याहून आत्याने फोनवर व्यवस्थित समजावलं. सासरी गेलेल्या लेकीला तीन दिवस. चौथ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ कर आणि देवापुढे दिवा लाव. तुझ्या नवऱ्याला आणि पोरीला तर काही नाहीच. आई "बरं" म्हणाली. तेवढ्यात समोरचं दार वाजलं. हारुकोकाकू आल्या त्या कागद आणि चिकटपट्टी घेऊनच. आमचं देवघर म्हणजे स्वयंपाकघरातलं सनमायकाचं कपाट. काकू त्याच्यासमोर दोनदा वाकल्या, टाळ्या मात्र वाजवल्या नाहीत, आणि दोन्ही दारांवरून मिळून एक पांढरा कागद लावला. मग आईच्या पायाशी, फरशीवर बसल्या. दोघी संध्याकाळपर्यंत तशाच होत्या. चहा मी केला. माझा आयुष्यातला पहिला चहा, आणि त्यात साखर घालायची राहिली. दोघी तो तसाच प्यायल्या.

चौथ्या दिवशी बाबा अंघोळ करून सोवळ्याने आले आणि कागदाकडे हात नेला. आई म्हणाली, "राहू दे तो."

"तीन दिवस झाले की."

"हारुकोताईंनी लावलाय. पन्नास दिवसांनी निघेल."

बाबांना आधी हसूच आलं. मग त्यांनी हिशेब केला आणि हसू गेलं. गणपती मधेच येत होता. आमच्याकडचा गणपती म्हणजे बाबांचा जीव की प्राण. करामातली, बर दुबईतली निम्मी मराठी मंडळी आरतीला आमच्या दिवाणखान्यात मावेनाशी व्हायची आणि बाबा टाळ घेऊन असे काही रंगायचे की रोज साइटचे नकाशे काढणारा माणूस तो हाच का, असं वाटावं. त्यांनी आईला समजावलं, आत्याकडून फोन करवला, हे आपल्यात नसतं, परक्याचं शास्त्र आपल्या घरात कशाला, सगळं बोलून पाहिलं. आई भांडली नाही. तिने एकदाच उत्तर दिलं.

"तुमच्या शास्त्रात माझ्या बाबांना तीन दिवस आहेत. ते तरी मी तिथे जाऊन पाळले असते. माझा पासपोर्ट आणून द्या, मग गणपतीचं बघू."

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला अबोला म्हणता येणार नाही. सगळे बोलत होते. भाजी काय, दूध आलं का, होमवर्क झाला का. पण कागदाचा पांढरा चौकोन स्वयंपाकघरात होता आणि तिघंही त्याच्या बाजूने वाट काढत होतो. उदबत्ती नाही, समई नाही, घंटा नाही. आता जिन्यात फक्त काकूंच्या टाळ्या ऐकू यायच्या, आणि त्याही काकू मुद्दाम हळू वाजवतात असं मला वाटायचं. बॅग अजून पॅसेजमध्येच होती. आईने ती उचलली नाही आणि उचलायचं धाडस बाबांनाही झालं नाही. बाबा वाईट नव्हते. हे मला आजही ठामपणे सांगावंसं वाटतं. ते रात्री माझ्या डोक्यावरून हात फिरवायचे. ऑफिसात कुणीतरी रजेवरून वाद घातला आणि पुढच्याच आठवड्यात तो 'खलास' झाला, म्हणजे नोकरी जाऊन मायदेशी पाठवला गेला, अशी एक गोष्ट तिथे कायम फिरत असायची. ती त्यांनी घरी कितीदा तरी सांगितली होती.

गणपतीच्या आदल्या दिवशी बाबा भर दुपारी घरी आले. शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा मात्र मूल परीक्षेत पास झाल्यावर असतो तसा. खिशातून प्लास्टिकच्या वेष्टनातला पासपोर्ट काढून त्यांनी ओट्यावर ठेवला. आई तांदूळ धूत होती. बाबा चपला न काढता भडाभडा बोलायला लागले. किती भीत भीत आत गेलो, मुदीरने कसं बसवून घेतलं, चहा मागवला, टेबलाचा साधा खण उघडला, त्याला कुलूपसुद्धा नव्हतं, वरच होता बघ तुझा. "आणि मला म्हणतो कसा, 'पहले बोलते ना, यार. घर का मामला था.'" बाबा त्याची नक्कल करून हसले.

मग हसता हसता थांबले.

आईने नळ बंद केला. "म्हणजे तुम्ही विचारलंच नव्हतं," ती म्हणाली.

बाबा ओट्याला टेकले. म्हणाले, "घाबरलो होतो मी, शैला. तो नाही म्हणाला असता तर..."

"मग मी गेले असते विचारायला. मला तेवढं सांगायचं होतंत."

पुढचं सगळं रीतसर झालं. त्या वर्षी गणपती आरतीच्या मंडळींपैकी कुलकर्णीकाकांकडे बसला आणि बाबा तिथे मागे उभे राहून आरती म्हणाले. पन्नास दिवस भरल्यावर काकूंनी येऊन कागद काढला, आईने समई लावली. दिवाळीत आम्ही मिरजेला गेलो. दुकान मामाने तोवर दुसऱ्याला दिलं होतं. आईने पासपोर्ट पुन्हा कंपनीत दिला नाही आणि कंपनीनेही तो कधी मागितला नाही. काकूंच्या यजमानांची बदली झाली आणि त्या गेल्या. आई-बाबा आता पुण्यात असतात, दोघंही थकलेत. बाबा दुधाची पिशवी आणायला जायचं असलं तरी आधी आईला विचारतात. आई सांगते, जा. हे बघताना मला कधी हसू येतं, कधी नाही. आणि परवा, परांचीखाली उभी असताना, मला ती दुपार पुन्हा जशीच्या तशी आठवली.

बाबांशी बोलून झाल्यावर आईने हात पुसले, पासपोर्ट ब्लाऊजमध्ये ठेवला आणि चपला घातल्या. मला म्हणाली, चल. बाबा "कुठे?" म्हणाले तोवर तिने दार उघडलं होतं. आम्ही जिना उतरून उन्हात आलो. त्या ऋतूत दुपारी रस्त्यावरून चालायची माझी ती पहिलीच वेळ. डांबर मऊ लागत होतं. कॅफेटेरियातून तळणाचा आणि वेलचीच्या चहाचा वास आला, शिंप्याच्या दुकानातून मशीनचा आवाज. आईला रस्ता ठाऊक होता. बाबांच्या जेवणाच्या डब्यावर कंपनीचा पत्ता लिहिलेला स्टिकर होता आणि तो डबा ती रोजच धूत होती. सिग्नल ओलांडला, एका बँकेवरून वळलो आणि समोर निळ्या काचांची इमारत, वर कंपनीची पाटी. मला खरंच वाटेना. बाबा सकाळी ऑफिसातल्या सगळ्यांबरोबर कंपनीच्या गाडीतून जायचे आणि अंधार पडल्यावर यायचे, म्हणून कंपनी फार दूर आहे असं मी धरून चालले होते. आम्हाला नीट तहानसुद्धा लागली नव्हती.

काचेचं दार उघडझाप झालं की आतली थंड हवा पायांवर यायची. आई फुटपाथवर उभी राहून त्या दाराकडे बघत होती. म्हातारा पठाण वॉचमन खुर्चीवरून उठला आणि अदबीने म्हणाला, "किससे मिलना है, बहनजी?"

"किसी से नहीं," आई म्हणाली. "देखने आई थी, कितना दूर है."

त्याला काही कळलं नाही. ऊन फार आहे, बच्चीला घेऊन आत बसा, पाणी तरी पिऊन जा, असं म्हणत त्याने दार उघडून धरलं. आई आत गेली नाही.